फिश टँक धुणारा माणूस

मुलुंडच्या एका घरात रविवारी सकाळी फिश टँक न्हाणीघरात नेऊन साबणाने घासला गेला, खडे उकळत्या पाण्यातून काढले गेले, फिल्टरमधला स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला गेला आणि बुधवारपर्यंत त्यातले सगळे मासे मेले. घरच्यांनी दोष पाण्याला दिला, दुकानदाराला दिला, दृष्ट लागल्याचीही शंका एकाने बोलून दाखवली. टँक याआधी इतका स्वच्छ कधीच झाला नव्हता, आणि मासे मरण्याचे कारणही तेच होते.

घरोघरी जाऊन फिश टँकची देखभाल करण्याचा व्यवसाय मुंबईत सुरू करू पाहणाऱ्या माणसाला पहिल्याच महिन्यात असे एखादे घर भेटते. ज्याच्याबरोबर आपण आज फिरणार आहोत, तो विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहणारा तरुण म्हणूनच नव्या ग्राहकाकडे गेल्यावर काचेला हात लावण्याआधी फिल्टर शेवटचा कोणी, कधी आणि कशाने धुतला, हे विचारतो.

माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि तळाशी कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साचतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. यांपैकी पहिले दोन पदार्थ माशांना विषारी असतात, तर तिसरा बराच सौम्य असून थोडे थोडे पाणी बदलल्याने आटोक्यात राहतो. हे जिवाणू स्पंजवर, फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगांवर आणि खड्यांवर वस्ती करतात, आणि नव्या टँकमध्ये ती वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली स्पंज पिळणे म्हणजे ही वस्ती उठवणे होय. हा तरुण टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज दोन-तीनदा हलकेच दाबतो आणि तपकिरीच राहू देतो.

कामाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम हीटर बंद करून दहा-पंधरा मिनिटे थांबायचे, कारण पाण्याबाहेर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. मग शेवाळ खरवडायचे आणि सायफनच्या नळीने खड्यांमधली घाण ओढून घ्यायची. साठ सेंटिमीटर लांब आणि तीस-तीस सेंटिमीटर रुंद-उंच टँकमध्ये ५४ लिटर पाणी मावते. त्यातले चतुर्थांश, म्हणजे जवळपास एक बादली, बदलले की पुरते. ग्राहकाला हे पटत नाही.

“अरे, पैसे घेतोस आणि पाणी जुनंच ठेवतोस?” भांडुपच्या एका काकूंनी त्याला विचारले होते.

“काकू, जुनं आहे म्हणूनच मासे तग धरून आहेत,” असे तो म्हणाला आणि पाण्याच्या चाचणीची पट्टी त्यांच्याच हातात दिली. या धंद्यातली अर्धी मेहनत अशा समजावणीत जाते, असे आम्हाला त्याच्यामागे फिरताना वाटले.

मुंबईच्या नळाला येणारे पाणी भातसा, वैतरणा, तानसा यांसारख्या धरणांतून येते आणि शुद्धीकरणात त्यात क्लोरीन मिसळले जाते. ते दिवसभर बादलीत हवा सोडून ठेवल्यास क्लोरीन उडून जाते. तेवढा वेळ नसेल, तर सोडियम थायोसल्फेटचे, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या अँटिक्लोरीनचे थेंब टाकावे लागतात. सोसायटीची टाकी नुकतीच धुऊन तिच्यात ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर त्या दिवशी पाणी न बदललेलेच बरे. म्हणून त्याने ग्राहकांइतकीच ओळख वॉचमनशीही ठेवली आहे.

भांडवल एका पाठपिशवीत मावते: नळी, खरवडणी, जाळी, दोन टॉवेल, चाचणीच्या पट्ट्या, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा जास्तीचा एअर स्टोन. जाळी मात्र एका घरातून दुसऱ्या घरात तशीच ओली नेऊ नये, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तिच्याबरोबर प्रवास करतो. कागदपत्रांचा बाऊ नाही. लहान व्यवसायांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क आहे.

खरा हिशेब रेल्वेचा आहे. घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड अशी मध्य रेल्वेच्या एकाच धीम्या मार्गावरची घरे धरली, तर दिवसाला चार-पाच टँक होतात. पश्चिम रेल्वेवरच्या बोरिवलीचे एक चांगले गिऱ्हाईक स्वीकारले की अर्धा दिवस प्रवासात जातो. दर ठरवताना टँकच्या लांबीइतकेच स्टेशनपासूनचे अंतरही मोजावे लागते, हे तो तोटा सोसून शिकला.

मे महिन्यात आणि गणपतीत निम्मे ग्राहक कोकणात गावी जातात. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. त्यांना धोका असतो तो दया येऊन मूठभर खाद्य टाकणाऱ्या शेजाऱ्यांचा. त्यामुळे गावी निघालेल्या घरांत तो खाद्याच्या एकेका दिवसाच्या पुड्या बांधून ठेवतो आणि डबा कपाटात बंद करायला सांगतो.

आजचे शेवटचे घर कांजूरमार्गचे. दुकानात ‘काच साफ करणारा मासा’ म्हणून घेतलेला दोन इंची सकरफिश आता फूटभर झाला आहे, आणि तो जेवढे शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो. पवई तलाव जवळच आहे, तिथे सोडून दे, असे घरचे काका सुचवतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा इथल्या पाण्यात सोडला, तर इथल्याच माशांच्या जागेवर आणि अन्नावर हक्क सांगतो, हे काकांना सांगून तरुण तो मासा झाकणाच्या बादलीत घेतो, बॅटरीवरचा हवेचा पंप लावतो आणि मोठ्या टँकची सोय असलेल्या कुर्ल्याच्या एका ओळखीच्या दुकानाकडे जाण्यासाठी लोकलच्या सामानाच्या डब्यात चढतो.