बेती ते बोगमाळो : एका दिवसात १९६१

नमस्कार श्रोतेहो. गोवा मुक्तीच्या लढाईच्या जागा गाईडबरोबर एका दिवसात पाहायच्या, तर आधी वार बघा. सोमवार नको. सोमवारी बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय बंद असतं.

सुरुवात बेतीच्या धक्क्यावर. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी आपलं सैन्य इथवर येऊन थांबलं. समोर पणजी, मध्ये मांडवी, पूल नाही. सकाळी जवान पलीकडे उतरले. म्हणून तुम्हीही पुलावरून जाऊ नका, फेरीबोटच धरा.

पुढे बांबोळी. ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका मार खाऊन इथेच किनाऱ्याला लागली. आज तिची खूण नाही, तेव्हा नेमकी जागा गाईडला दाखवायला लावा. बांबोळीचंच बिनतारी केंद्र आपल्या हवाई दलाच्या हंटर विमानांनी निकामी केलं. आणि रेडिओचा विषय निघालाच आहे, तर सांगतो: १९५५ पासून सीमेवरच्या जंगलातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवणाऱ्या वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांची नावं गोव्यातल्या प्रत्येक पोराला पाठ हवीत.

आता दाबोळी. १८ तारखेच्या सकाळी आपली बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं आली. हुकूम असा, की धावपट्टी फोडायची, इमारतींना धक्का लावायचा नाही. काही मिनिटांत ६३,००० पौंड बॉम्ब पडले. पाठोपाठ दुसरी तुकडी. धावपट्टीची चाळण झाली, पण कडेला उभी असलेली पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं शाबूत राहिली. रात्र पडली. पोर्तुगीजांनी घाईघाईने डागडुजी केली. वापरण्याजोगी धावपट्टी किती, तर जेमतेम सातशे मीटर. सातशे मीटर, श्रोतेहो! चार इंजिनांची विमानं, आत अधिकाऱ्यांची बायकामुलं. तेवढ्याशा पट्टीवरून दोन्ही विमानं अंधारात उठली आणि कराचीला पोचली.

त्यातलं एक होतं कॉन्स्टेलेशन. त्याच घराण्यातलं, तीन शेपट्यांचं सुपर कॉन्स्टेलेशन बोगमाळोच्या संग्रहालयात उघड्यावर उभं आहे. आपल्या नौदलाचं हं, पळालेलं ते नव्हे. टॅक्सीचालक आधी जुन्या गोव्याला नेतात आणि इथे दार लागायच्या वेळी आणतात. तसं होऊ देऊ नका. दुपारचं ऊन तिथे भाजून काढतं, टोपी घ्या. दाबोळीची धावपट्टी नौदलाची, तिचे फोटो काढू नका. आणि पुन्हा सांगतो, सोमवार नको.

विमानाच्या पंखाखाली उभे राहा, वर बघा. मग बाहेर बोगमाळोच्या किनाऱ्यावर साधारण हजार पावलं चाला. सातशे मीटर ते तेवढेच.