बंगळुरूचा निबंध आणि चष्म्यातलं त्रिमित चित्र

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगमेंटेड रिॲलिटीचा चष्मा लावला की समोरचं टेबल खरंच दिसतं आणि त्यावर नसलेली वस्तूही दिसते. पण जवळचं त्रिमित चित्र बघत राहिलं की अनेकांचे डोळे शिणतात. कारण समजायला आपलं बोट नाकाजवळ आणून बघा. दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातलं भिंग जवळचं फोकस धरतं. वळणं आणि फोकस, ही जोडी बरोबरच चालते. चष्म्यातलं चित्र हातभर अंतरावर भासतं, तेवढे डोळे वळतात. फोकस मात्र एकाच अंतरावर बांधलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या अशाच चष्म्यात ते २ मीटर होतं. पुन्हा सांगतो: डोळे वळतात एका अंतराला, फोकस राहतं दुसऱ्याच अंतरावर.

म्हणून हवं फोकस बदलणारं भिंग, आणि तेही कागदासारखं पातळ. ते लिक्विड क्रिस्टलचं, म्हणजे द्रवासारखं वाहणारं पण रेणू स्फटिकासारखे ओळीनं राहणारं द्रव्य असतं त्याचं, करता येतं, आणि ज्या भिंगांवर सर्वांत जास्त भिस्त आहे त्यांच्या नावात एक भारतीय नाव आहे: पंचरत्नम.

शिवरामकृष्णन पंचरत्नम हे सी. व्ही. रामन यांचे भाचे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत ते स्फटिकांतून जाणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करत. १९५६ साली, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी, त्यांनी एक निबंध लिहिला. प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाची लाट कोणत्या दिशेनं कंप पावते ते, टप्प्याटप्प्यानं बदलत नेलं आणि पुन्हा पहिल्या अवस्थेत आणून सोडलं, तरी लाट थोडी सरकलेली असते. किती सरकली, हे ठरतं ध्रुवीकरण कोणत्या वाटेनं फिरवलं त्यावरून. निबंध छापला भारतीय विज्ञान अकादमीच्या प्रोसीडिंग्जमध्ये, आणि फारसं कुणी तो वाचला नाही. पंचरत्नम पुढे ऑक्सफर्डला गेले. १९६९ मध्ये ३५व्या वर्षी तिथेच वारले.

१९८४ साली ब्रिस्टलच्या मायकेल बेरी यांनी पुंज भौतिकीत (क्वांटम फिजिक्समध्ये) असाच एक नियम मांडला आणि जगभर त्याची चर्चा झाली. इकडे बंगळुरूत दोघांना तो जुना निबंध आठवला. त्यांनी १९८६ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात लिहिलं की प्रकाशाच्या बाबतीत हे आपल्याकडे तीस वर्षांपूर्वीच सापडलेलं आहे. त्यांतले एक राजाराम नित्यानंद, आणि दुसरे एस. रामशेषन, म्हणजे पंचरत्नम यांचे थोरले बंधू! पुढच्याच वर्षी बेरी बंगळुरूला आले, त्यांनी मूळ निबंध समजून घेतला आणि पंचरत्नम यांचं श्रेय आपल्या लेखात स्वच्छ मांडलं. आज जगभर ‘पंचरत्नम-बेरी भिंग’ म्हणतात.

आपल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांतून जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड रद्दीत निघतात, ते मला अजिबात मान्य नाही. असे खंड जपून ठेवायला एक कपाट पुरतं. पंचरत्नम यांचेच आणखी एक भाऊ चंद्रशेखर हे नागपूर विद्यापीठाचे १९५१चे एम.एस्सी. त्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधले, तेही ‘प्रमाण’ या आपल्याच नियतकालिकात छापून. असं काम आपल्याकडे छापायला तरुण संशोधकांनी कचरू नये, असं मला फार वाटतं.

तर भिंग. काही मायक्रॉन जाडीचा लिक्विड क्रिस्टलचा थर, त्यात लांबट रेणू. मध्यापासून कडेकडे रेणूंचा कोन बदलत नेलेला असतो. जाडी सगळीकडे सारखीच, बदलतो फक्त कोन. आणि पंचरत्नम यांच्या नियमानं, कोन जेवढा, त्याच्या दुप्पट लाट सरकते. लक्षात ठेवा, फुगवटा नाही, फक्त कोन. ज्याच्या कंपनाची दिशा उजवीकडे गोल फिरते तो उजव्या फिरकीचा प्रकाश असं भिंग एकत्र आणतं, डाव्या फिरकीचा पसरवतं. समोर लिक्विड क्रिस्टलचीच एक विजेची खिडकी ठेवायची, ती फिरकी उलटवते, की फोकस बदललं. काहीही हलत नाही, मोटार नाही, आवाज नाही. अशा सहा जोड्या एकामागे एक ठेवल्या तर दोनाचा सहावा घात, ६४ अंतरं मिळतात. फेसबुकच्या प्रयोगशाळेनं २०१९ मध्ये दाखवलेल्या ‘हाफ डोम ३’ या नमुन्यात हेच होतं. तो व्हर्च्युअल रिॲलिटीचा, म्हणजे बाहेरचं न दिसणारा संच होता.

आरपार दिसणाऱ्या चष्म्यात काम जास्त कठीण आहे, कारण चित्राचं फोकस बदलताना खरं टेबल जागचं हलता कामा नये. शिवाय ही भिंगं लाल आणि निळा रंग वेगवेगळ्या अंतरावर आणतात, त्यामुळे चित्राच्या कडांना रंग फुटतात. प्रयोगशाळांतून सध्या या रंगांवरच काम चालू आहे. नमस्कार.