मीठ कमी करावे की बदलावे?

श्रोतेहो, रक्तदाब वाढला की डॉक्टर ‘मीठ कमी करा’ म्हणतात आणि घरी त्या सल्ल्याचे पुढे काय होते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. काही दिवस आमटी अळणी होते, लोणचे-पापड पानात येत नाहीत, घरातली बाकीची मंडळी कुरकुर करतात आणि हळूहळू सगळे पूर्वपदावर येते. सल्ला चुकीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे, आणि २०१७-१८च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतीय प्रौढ सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खातात. प्रश्न एवढाच आहे, की हे अंतर कापायचे कसे.

आपल्या मिठात जवळजवळ सगळे सोडियम क्लोराईड असते. सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते आणि रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो. उलट पोटॅशियम मूत्रपिंडांकडून सोडियम बाहेर टाकायला मदत करते आणि रक्तवाहिन्यांचा ताण सैल करते. मग मिठाचे प्रमाण तेच ठेवून त्यातल्या सोडियमचा काही हिस्सा काढला आणि तेथे पोटॅशियम घातले तर? या प्रश्नाचा सर्वांत मोठा उलगडा उत्तर चीनच्या ग्रामीण भागातल्या एका प्रयोगातून झाला आणि तो २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. पाच प्रांतांतील ६०० गावे निवडण्यात आली आणि पूर्वी पक्षाघात होऊन गेलेल्या, किंवा साठी ओलांडलेल्या व रक्तदाब असलेल्या २०,९९५ जणांना त्यात सामील करून घेण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्या गावांतल्या या लोकांना ७५ टक्के सोडियम क्लोराईड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराईड असलेले मीठ फुकट देण्यात आले, उरलेल्या गावांत नेहमीचेच मीठ चालू राहिले, आणि सरासरी पावणेपाच वर्षे या सर्वांवर लक्ष ठेवण्यात आले. नव्या मिठाच्या गावांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी आणि मृत्यूंचे प्रमाण १२ टक्क्यांनी कमी आढळले. वरचा रक्तदाब सरासरी ३ अंकांहून थोडा अधिक उतरला होता. एका माणसाच्या दृष्टीने ही घट किरकोळ वाटेल, पण हजारो माणसांत ती पक्षाघात आणि मृत्यू कमी होण्यातून दिसते. मला यातली विशेष वाटणारी गोष्ट अशी, की या लोकांना जिभेशी झगडावे लागले नाही. फक्त बरणीतले मीठ बदलले.

आपल्याकडे तेलंगणातील सिद्दीपेट जिल्ह्यातल्या गावांत ५०२ रक्तदाबाच्या रुग्णांवर असाच प्रयोग झाला. कोणाला कोणते मीठ मिळाले हे रुग्णांनाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नव्हते. तीन महिन्यांनी पर्यायी मीठ खाणाऱ्यांचा वरचा रक्तदाब दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ४.६ अंकांनी अधिक उतरलेला होता. युरोप-अमेरिकेत बरेचसे मीठ पाव, चीज आणि तयार पदार्थांतून पोटात जाते, त्यामुळे तेथे घरचे मीठ बदलून फारसे साधत नाही. आपले बहुतांश मीठ अजूनही फोडणीनंतर घरातल्याच हाताने पडते, आणि म्हणून हा उपाय आपल्याला अधिक लागू आहे.

आता सावधगिरीचा भाग, आणि तो मी घाईने उरकणार नाही. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर पोटॅशियम शरीरात साठते आणि हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने बिघडू शकतात. चीनच्या प्रयोगात मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना घेतलेलेच नव्हते, त्यामुळे तिथले समाधानकारक निष्कर्ष त्यांना लागू करता येत नाहीत. स्पायरोनोलॅक्टोन हे शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी हे मीठ स्वतःच्या मनाने सुरू करू नये. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारख्या, रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकते, म्हणून त्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे आणि मूत्रपिंडाचा विकार बरेचदा उशिरा कळतो, तेव्हा मूत्रपिंडे कशी काम करतात हे सांगणारे रक्तातील क्रिएटिनिन आधी तपासून घेणे शहाणपणाचे. जानेवारी २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा मिठाची शिफारस केली, तीही सशर्त, आणि तिच्यातून गर्भवती, मुले व मूत्रपिंडाचे रुग्ण वगळले.

येथे सैंधवाचा विषय निघतोच. उपवासाचे मीठ म्हणून ते जरूर वापरावे, पण ‘नैसर्गिक आहे, रक्तदाबाला चालते’ हा समज सोडून द्यावा, कारण सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराईडच आहे आणि त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. पादेलोणाचेही तेच.

राहिला किमतीचा मुद्दा. चीनमध्ये प्रयोगाच्या वेळी साधे मीठ किलोला सुमारे १.०८ डॉलर, तर पर्यायी मीठ १.६२ डॉलर, म्हणजे दीडपट महाग होते. आपल्या दुकानांतही कमी सोडियमचे मीठ साध्या मिठाहून महागच मिळते, आणि ‘कमी सोडियम’ लिहिलेल्या सगळ्या पुड्यांत ही घट सारखी नसते. म्हणून पुडा उलटून पोटॅशियम क्लोराईडचे प्रमाण आणि आयोडीनचा उल्लेख, दोन्ही वाचूनच तो घ्यावा.