शेवटची कात्री कोणाच्या हाती?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या सुपरहिरोंच्या चित्रपटांविषयी दर एक-दोन वर्षांनी एक बातमी हमखास वाचायला मिळते, की अमुक दिग्दर्शकाने चित्रपट मध्येच सोडला, कारण स्टुडिओशी त्याचे मतभेद झाले. बातमी दोन ओळींची असते आणि तिसऱ्या दिवशी नव्या दिग्दर्शकाचे नाव जाहीर होते. त्या दोन ओळींमागे काय घडलेले असते, हे आज मला सांगायचे आहे. त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते सुपरमॅनचे, आणि तेही १९७७ ते १९८० या काळातले, कारण त्या भांडणातून जन्मलेले दोन्ही चित्रपट, म्हणजे निर्मात्यांना हवा होता तो आणि दिग्दर्शकाला हवा होता तो, आज आपल्याला पाहता येतात. अशी संधी फार क्वचित मिळते.

आधी भांडणाचे मूळ थोडक्यात सांगतो. सुपरहिरो हा दिग्दर्शकाचा नसतो, तो कंपनीचा असतो. त्याच्यावर पुढचे चित्रपट निघायचे असतात, खेळणी विकायची असतात आणि प्रदर्शनाची तारीख पुष्कळदा पटकथा पूर्ण होण्याआधीच जाहीर झालेली असते. दिग्दर्शकाला मात्र हातातला एकच चित्रपट दिसत असतो आणि तो तसाच दिसला पाहिजे. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की संकलनाच्या टेबलावर शेवटची कात्री कोणाच्या हाती असते. हा प्रश्न कृपया ध्यानात ठेवावा, कारण पुढची सगळी हकीकत त्याच्याभोवती फिरते.

ॲलेक्झांडर सॅल्काइंड आणि त्यांचे चिरंजीव इल्या सॅल्काइंड हे युरोपात राहून चित्रपट काढणारे निर्माते होते. १९७३ साली त्यांनी ‘द थ्री मस्केटियर्स’ काढला, दिग्दर्शक होते रिचर्ड लेस्टर. नटनट्यांनी काम केले ते एका चित्रपटाचे समजून. निर्मात्यांनी त्याच चित्रीकरणातून दोन चित्रपट तयार केले आणि दुसरा पुढच्या वर्षी प्रदर्शित केला. नट मंडळी न्यायालयात गेली, आणि तेव्हापासून हॉलिवूडमधल्या कलावंतांच्या करारात, हे काम किती चित्रपटांसाठी आहे ते स्पष्ट लिहिणारे एक कलम आले, जे आजही सॅल्काइंड यांच्याच नावाने ओळखले जाते. माझे स्पष्ट मत आहे, की पडद्यावर किंवा रंगमंचावर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक तरुणाने पहिला करार स्वतः अक्षर न् अक्षर वाचावा, थोरामोठ्यांवर विश्वास ठेवून सही करू नये.

सुपरमॅनच्या वेळी सॅल्काइंड यांनी दोन चित्रपट आधीच जाहीर करून एकदमच चित्रित करायचे ठरवले. कथा लिहायला ‘गॉडफादर’चे लेखक मारिओ पुझो होते, सुपरमॅनच्या वडिलांच्या, म्हणजे जॉर-एलच्या, भूमिकेसाठी मार्लन ब्रँडो होते, आणि सुमारे दोन आठवड्यांच्या कामासाठी ब्रँडो यांना ३७ लाख डॉलर व शिवाय उत्पन्नात वाटा कबूल केलेला होता. दिग्दर्शनासाठी आधी ठरलेले गाय हॅमिल्टन, चित्रीकरण इंग्लंडमध्ये हलवल्यावर, तिथल्या करांच्या अडचणीमुळे गळाले, आणि ‘द ओमेन’मुळे नुकतेच नाव झालेले रिचर्ड डॉनर यांना बोलावण्यात आले.

डॉनर यांच्या हाती जी पटकथा पडली, ती शेकडो पानांची होती आणि थट्टेच्या सुरात लिहिलेली होती. तिच्यात एक प्रसंग असा होता, की खलनायक लेक्स लूथरचा शोध घेताना सुपरमॅन आकाशातून झेप घेऊन एका टक्कल पडलेल्या माणसाला धरतो, आणि तो निघतो त्या काळच्या दूरचित्रवाणी मालिकेतला गुप्तहेर कोजॅक. डॉनर लहानपणापासून सुपरमॅन वाचत आलेले होते. त्यांना ही चेष्टा सहन झाली नाही. त्यांनी टॉम मँकिविच या लेखकमित्राला बरोबर घेतले आणि दोन्ही पटकथा नव्याने उभ्या केल्या. त्यांचा आग्रह एकच होता: माणूस उडतो यावर प्रेक्षकाचा विश्वास बसला पाहिजे. मी पुन्हा सांगतो, प्रेक्षकाचा विश्वास बसला पाहिजे, हाच त्यांचा आग्रह होता आणि भांडणाची ठिणगी तिथेच पडली, कारण उडण्यावर विश्वास बसवायला वेळ लागतो, प्रयोग लागतात, फसलेले प्रयोग फेकून द्यावे लागतात आणि या सर्वांना पैसा लागतो.

१९७७ सालच्या वसंतात इंग्लंडमध्ये चित्रीकरण सुरू झाले आणि ते लांबतच गेले. खर्च वाढतो आहे असे निर्माते डॉनर यांना बजावत. पण मुळात ठरलेला खर्च किती, हे आपल्याला कोणी कधी दाखवलेच नाही, असे डॉनर पुढे मुलाखतींत सांगत आले. पिएर स्पेंगलर या तिसऱ्या निर्मात्याशी तर त्यांचे बोलणेच तुटले. मग दोन्ही बाजूंमध्ये निरोप्या म्हणून सॅल्काइंड यांनी कोणाला आणले, तर रिचर्ड लेस्टर यांना! मस्केटियर्सच्या पैशांवरून ज्यांचा याच निर्मात्यांशी वाद झालेला होता, तेच लेस्टर आता एका चालू चित्रपटाच्या चित्रीकरणस्थळी दुसरा दिग्दर्शक म्हणून वावरू लागले. डॉनर यांनी हेही निभावून नेले.

दुसऱ्या चित्रपटाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग चित्रित झालेला असताना तो बाजूला ठेवून पहिला पूर्ण करायचे ठरले. पहिल्याचा शेवट जोरदार हवा, म्हणून दुसऱ्या चित्रपटासाठी राखून ठेवलेली कल्पना, म्हणजे सुपरमॅन पृथ्वीभोवती फिरून काळ मागे नेतो ती, पहिल्यात वापरली गेली. दुसऱ्याचा शेवट नंतर पाहू, असे सगळ्यांनी धरले.

१९७८ सालच्या डिसेंबरमध्ये पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च झाले होते. जगभरातून सुमारे ३० कोटी डॉलर मिळाले. आपल्याला वाटेल, की आता तरी भांडण मिटले असेल. मिटले नाही. डॉनर यांनी वर्तमानपत्रवाल्यांसमोर सांगून टाकले, की स्पेंगलर असतील तर आपण दुसरा चित्रपट पूर्ण करणार नाही. आणि काही काळाने सॅल्काइंड यांच्याकडून त्यांना तार आली, की आपल्या सेवेची यापुढे गरज नाही. यश मिळवून दिलेल्या दिग्दर्शकाला, हातातला पाऊण चित्रपट काढून घेऊन, तारेने घरी बसवण्यात आले.

लेस्टर दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसले, आणि यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दिग्दर्शक बदलला की चित्रपटाचे नेमके काय होते ते इथे मोजून दाखवता येते. लूथरचे काम करणारे जीन हॅकमन पुन्हा चित्रीकरणाला आले नाहीत, म्हणून काही ठिकाणी त्यांच्यासारखा दिसणारा दुसरा माणूस उभा करावा लागला. संगीतकार जॉन विल्यम्स आले नाहीत. संकलक स्टुअर्ट बेअर्ड आले नाहीत. छायालेखक जेफ्री अन्सवर्थ त्याआधीच वारले होते. ब्रँडो यांनी आपल्या वाट्याच्या पैशांसाठी दावा लावलेला होता, म्हणून त्यांची चित्रित झालेली सर्व दृश्ये निर्मात्यांनी काढूनच टाकली आणि वडिलांचे संवाद सुपरमॅनच्या आईच्या तोंडी घातले.

आता पाहा, याने कथेचे काय झाले. पहिल्या चित्रपटात जॉर-एल बाळाला निरोप देताना म्हणतो, की मुलगा बाप होईल आणि बाप मुलगा होईल. दुसऱ्या चित्रपटात सुपरमॅन लोइस लेन या पत्रकार तरुणीच्या प्रेमापायी आपली शक्ती सोडून देतो, पश्चात्ताप होऊन परत येतो, आणि डॉनर यांच्या योजनेप्रमाणे तेव्हा वडिलांचे उरलेसुरले चैतन्य मुलाला स्पर्श करून त्याच्यात उतरते आणि स्वतः कायमचे विझते. पहिल्या चित्रपटात पेरलेले वाक्य इथे फळाला येणार होते. १९८० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात सुपरमॅन हिरवा स्फटिक हाती घेतो आणि पुढे एकदम शक्तीसह हजर होतो. ती परत आली कशी, आणि तिची किंमत कोणी मोजली, हे प्रेक्षकाला दिसतच नाही. हिशेबाच्या वादात वडील गेले आणि वडिलांबरोबर कथेचा कणा गेला.

शेवटही नवा लागला, कारण जुना आधीच वापरून झालेला होता. म्हणून सुपरमॅनने एक चुंबन घेऊन लोइसची स्मृती पुसून टाकावी, असा तोडगा निघाला. मला तो आजही पटत नाही.

लेस्टर यांच्यावर मी अन्याय करू इच्छित नाही. ते कसबी दिग्दर्शक होते, विनोदाची त्यांची जाण उत्तम होती आणि त्यांचा चित्रपट चाललाही चांगला. पण खलनायक फुंकर मारून सगळे शहर उडवत असताना, आडव्या झालेल्या फोनच्या खोक्यात एक माणूस बोलतच राहतो, असे हसवणारे तुकडे त्यांनी घातले, आणि ज्या थट्टेच्या सुराला डॉनर यांनी दारातून बाहेर काढले होते, तो खिडकीतून आत आला.

आणि आता मी ज्या प्रसंगासाठी ही सगळी हकीकत सांगत आहे, तो प्रसंग. सुपरमॅन एरवी क्लार्क केंट या साध्या, चश्मा लावणाऱ्या माणसाच्या रूपात वावरतो; हा क्लार्कच सुपरमॅन असल्याचा संशय लोइसला आलेला आहे आणि दोघे नायगारा धबधब्याजवळच्या हॉटेलात आहेत. लेस्टर यांच्या चित्रपटात क्लार्क अडखळून पडतो, त्याचा हात शेकोटीत जातो, हात भाजत नाही आणि गुपित फुटते. डॉनर यांच्या पटकथेत लोइस सरळ पिस्तूल काढून क्लार्कवर गोळी झाडते. क्लार्क हळूहळू ताठ होतो, चश्मा काढतो, त्याचा आवाज बदलतो, आणि तो तिला रागावून म्हणतो, की तुझा अंदाज चुकला असता तर क्लार्क केंट मेला असता. त्यावर लोइस सांगते, की पिस्तुलात खरी गोळी नव्हतीच. अपघाताने गुपित फुटणे आणि एका बुद्धिमान बाईने ते काढून घेणे, या दोहोंत केवढा फरक आहे!

हा प्रसंग चित्रित व्हायच्या आतच डॉनर यांना काढण्यात आले. पण हाच प्रसंग नटांची निवड करताना चाचणी म्हणून करवून घेतलेला होता. ख्रिस्तोफर रीव्ह यांच्या चाचणीत तो होता आणि मार्गो किडर यांच्या चाचणीतही होता. पुढे चाहत्यांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरली, ब्रँडो यांच्या निधनानंतर त्यांच्या दृश्यांच्या वापराचा मार्ग मोकळा झाला, आणि २००६ साली मायकेल थाऊ या संकलकाने जुनी रिळे शोधून डॉनर यांचा चित्रपट उभा केला. तेव्हा हा प्रसंग त्या दोन वेगवेगळ्या दिवशीच्या चाचण्या जोडून तयार केला गेला. म्हणून एका क्षणी रीव्ह सडपातळ दिसतात आणि दुसऱ्या क्षणी भरलेले, केसांची ठेवणही मध्येच बदलते. तरीही तो सबंध चित्रपटातला सर्वांत जिवंत प्रसंग आहे, असे मी म्हणेन.

ही रिळे कोणी जाळली नाहीत, म्हणून हे घडू शकले. आपल्याकडे ‘आलम आरा’ची, म्हणजे १९३१ सालच्या पहिल्या भारतीय बोलपटाची, एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली, आणि तोपर्यंत पुष्कळ काही हातचे गेले होते. तयार झालेला चित्रपट तर जपावाच, पण कापून बाजूला टाकलेले चित्रणही जपावे, असे मी प्रत्येक निर्मात्याला सांगू इच्छितो.

नंतरच्या काळातली नावे वेगळी आहेत, प्रश्न तोच आहे. एडगर राइट यांनी ‘अँट-मॅन’वर कित्येक वर्षे काम केले आणि २०१४ साली, चित्रीकरण तोंडावर असताना, ते बाहेर पडले, पटकथेच्या श्रेयात त्यांचे नाव राहिले, चित्रपट मात्र पेटन रीड यांनी केला. पॅटी जेन्किन्स यांनी २०११ साली थॉरचा दुसरा चित्रपट सोडला, कारण त्या पटकथेतून चांगला चित्रपट आपल्या हातून होणार नाही असे त्यांना वाटले. आणि २०१७ साली त्यांनी ‘वंडर वुमन’ केला. वेळीच नाही म्हणणाऱ्या दिग्दर्शकाबद्दल मला आदर वाटतो.

त्याच २०१७ साली ‘जस्टिस लीग’च्या वेळी झॅक स्नायडर यांनी मुलीच्या निधनानंतर काम सोडले आणि जॉस व्हीडन यांनी पुष्कळसे चित्रीकरण नव्याने केले. चित्रपटगृहात आला तो दोन तासांचा चित्रपट. चाहत्यांनी पुन्हा मागणी लावून धरली आणि २०२१ साली स्नायडर यांचा चार तासांचा चित्रपट लोकांपुढे आला. तिथे सायबॉर्ग या तरुणाची आणि त्याच्या वडिलांची जी कथा आहे, ती दोन तासांच्या चित्रपटात जवळजवळ नाहीशी झालेली होती. म्हणजे पुन्हा एकदा कात्री लागली ती बापलेकांच्याच नात्याला.

कायदा या बाबतीत कोणाच्या बाजूने आहे, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेने मिळवलेल्या करारामुळे दिग्दर्शकाला आपले पहिले संकलन करण्यासाठी साधारणपणे दहा आठवडे मिळतात. त्यानंतर बहुतेकांच्या बाबतीत अखेरचा शब्द स्टुडिओचा असतो. फ्रान्समध्ये दिग्दर्शक हा कायद्याने चित्रपटाच्या कर्त्यांपैकी एक मानला जातो. आपल्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. ज्याने पैसा घातला त्याचा हक्क मला नाकारायचा नाही. डॉनर यांना उडणारा माणूस दाखवता आला तो सॅल्काइंड यांनी धोका पत्करला म्हणूनच. परंतु जे दृश्य चित्रपटातून काढायचे, ते कथेला नको म्हणून काढले पाहिजे, कोणाच्या वाट्याचे पैसे वाचावेत म्हणून नव्हे, हे माझे ठाम मत आहे.

ज्यांना शक्य असेल त्यांनी आधी १९८० सालचा चित्रपट पाहावा आणि मग दिग्दर्शकाच्या नावाने निघालेला २००६ सालचा पाहावा, याच क्रमाने. दुसऱ्यात लेस्टर यांनी चित्रित केलेले काही भागही आहेत, कारण डॉनर यांचे काम अपुरे राहिले होते, आणि काळ मागे नेणारा शेवट तिथे पुन्हा येतो, त्यामुळे पहिल्या चित्रपटाची पुनरावृत्ती झाल्यासारखी वाटेल. तो दोष डॉनर यांचा मानू नये. दुसऱ्या चित्रपटासाठी नवा शेवट शोधण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. नमस्कार.