आधी एसएमपीएसचं लेबल वाचा

श्रोतेहो, नमस्कार. निकाल लागले की ठाणे स्टेशनपासून नौपाड्यापर्यंतच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत तोच प्रश्न ऐकू येतो: कॉम्प्युटर कंपनीचा घ्यावा की सुटे भाग निवडून दुकानात असेम्बल केलेला?

ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने असेम्बल केलेला घेतला होता. प्रोसेसर उत्तम, एसएसडी उत्तम, कॅबिनेटला रंगीत दिवे. गेल्या पावसाळ्यात वीज गेली, परत आली, आणि मशीन सुरूच होईना. मी झाकण उघडलं तर करपल्याचा वास. एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा डबा, गेला होता आणि जाताना मदरबोर्डलाही, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या बोर्डलाही, घेऊन गेला होता. डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट. खाली बारीक तक्ता होता, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज घेतात ती या १२ व्होल्टवरूनच. बिलावर लिहिलेलं ‘एसएमपीएस, एक नग’. ना कंपनी, ना मॉडेल. वॉरंटी मागायची कुणाकडे?

मग कंपनीचाच बरा, असं वाटेल. आमच्या इमारतीत शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंचा कंपनीचा छोटा डेस्कटॉप वॉरंटी संपल्यावर बंद पडला. तिथेही एसएमपीएसच. त्यांच्याबरोबर मी दुकानात गेलो. फळीवर असे डबे रचलेले, पण त्यांच्या मशीनमध्ये एकही बसेना. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएससाठी ठरलेलं माप आणलं, म्हणून एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. बऱ्याच ब्रँडेड मशीनमध्ये मात्र डब्याचा आकार आणि पिनांची जोडणी त्या कंपनीची स्वतःची असते. मूळ भाग येईपर्यंत बाईंचे दोन आठवडे गेले.

तरीही दवाखाना, छोटं ऑफिस, जिथे एक दिवस मशीन बंद राहिलं की काम अडतं आणि उघडून बघणारं कुणी नाही, तिथे मी कंपनीचाच सांगेन, घरी येऊन दुरुस्त करण्याची वॉरंटी जास्त वर्षांची घेऊन. घरासाठी, शिकणाऱ्या मुलांसाठी, माझं मत असेम्बलकडे. आज रॅम वाढवा, पुढे ग्राफिक्स कार्ड घाला, मशीन वर्षानुवर्षं चालतं. किंमत ताडून बघताना अस्सल विंडोजचे पैसे असेम्बलच्या किमतीत धरा, ब्रँडेडमध्ये ते बहुधा आधीच धरलेले असतात.

दुकानदाराकडून प्रत्येक भागाची कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. संकोच करू नका, चांगला दुकानदार आनंदाने लिहून देतो. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला मागा, त्यावर सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते. आणि कॅबिनेटचं झाकण लावण्याआधी एसएमपीएसच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, तो बारीक तक्ता वाचता येईल असा. नमस्कार.