४४ बरं की ३४?

नमस्कार मंडळी. मे महिन्यात नागपूरचा आकडा ४४-४५ आला की मुंबई-ठाण्याचे नातेवाईक लगेच फोन करतात, कसे काय राहता बाबा तुम्ही तिथे. आणि तेच नागपूरवाले लग्नाला डोंबिवलीला आले की तासाभरात शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा उतरलेला, आणि विचारतात, इथे तर ३४ च आहे ना, मग जीव का असा घाबरा होतोय? मी जन्माने नागपूरचा आणि नोकरीने ठाण्याचा, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी खाऊन झालीयत, आणि माझं मत विचाराल तर डोंबिवलीतला नागपूरकर अजिबात नाटक करत नसतो.

कसं आहे, आपल्या अंगाच्या आत साधारण ३७ डिग्री असते, ती तेवढीच ठेवायची असते आणि बाहेरची हवा त्याच्या जवळपास किंवा त्याहून वर तापली की उष्णता बाहेर टाकायला हाताशी जवळपास एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. तोही नुसता येऊन उपयोग नाही, वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि टपकून फरशीवर पडला तर जवळपास काहीच नाही. आता हवामानवाले थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळून एक तापमान मोजतात, वेट बल्ब म्हणतात त्याला. कापड वाळताना गार होतं, तसंच घामाने भिजलेलं अंगही, पण हवा दमट असेल तर ते नीट वाळत नाही आणि हा आकडा वरच राहतो. नागपुरात ४३ डिग्री आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ते येतं साधारण २३. मुंबईत ३४ आणि आर्द्रता ७० टक्के, तर ते जातं २९ च्या पुढे. म्हणजे ओल्या अंगाचा हिशेब धरला तर मुंबईच जास्त तापलेली, कळलं ना? हे वेट बल्ब ३५ ला पोचलं तर धडधाकट माणूससुद्धा सावलीत पंख्याखाली बसून काही तासांत जाऊ शकतो असं पुस्तकात आहे, आणि अलीकडच्या प्रयोगांत तर ३०-३१ लाच तरुण पोरांचं शरीर हार मानायला लागलेलं दिसलंय.

म्हणूनच वाळ्याची ताटी लावलेला कूलर नागपुरात खोली गारेगार करतो आणि तोच मुंबईत लावला की खोलीचं बाथरूम होतं. माठाचंही तेच, पावसाळ्यात माठातलं पाणी गार का होत नाही याचं उत्तर यातच आलं.

पण म्हणून विदर्भातलं ऊन सोपं असंही नाही हं. तिथे घाम येतो आणि दिसायच्या आत वाळतो, त्यामुळे आपण किती सुकलोय ते कळतच नाही, माणूस दुपारभर हिंडतो आणि संध्याकाळी गाडीवरच भोवळ. आणि ४० च्या वर नुसता पंखा भट्टीचा वारा अंगावर मारतो, अंग किंवा बनियन ओलं करून मग पंख्यापुढे बसलात तर उपयोग.

अजून एक गोष्ट, शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो, आणि त्यातून मीठ कमी जातं. त्यामुळे मेच्या ४२ पेक्षा मार्चमधले अचानक आलेले ४० जास्त छळतात. २०२२ चा मार्च आठवतोय का, १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात गरम मार्च ठरला तो. तेव्हा उत्तरेत गव्हाचा दाणा भरत होता, तो नीट भरायच्या आधीच पिकला, बारीक राहिला, आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यातच थांबवली.

जनावरांकडे बघा आता. म्हशीचं कातडं काळं, अंगावर केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कमी, म्हणून ती डबक्यात जाऊन बसते, त्यात आळस वगैरे काही नाही, डबकं नाही मिळालं तर दूध कमी होतं. कोंबडीला तर घामच येत नाही. ती चोच उघडी टाकून धापा टाकते, धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो आणि अंड्याचं कवच पातळ होतं. उन्हाळ्यात अंडी पिशवीतच फुटतात तेव्हा दुकानदाराशी भांडण्याआधी हे आठवा. पोल्ट्रीवाले म्हणूनच बाजूने ओले बारदान लावतात आणि भर दुपारी खाद्य देत नाहीत, कारण खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता तयार होते.

झाडांना तर पळताही येत नाही. हापूस बाहेरून एकदम झकास, सुरी फिरवली की आत फिकट, फोपसा, आंबट गर, त्याला कोकणात साका म्हणतात. त्याच्या कारणांत तापलेल्या जमिनीवरून वर येणारी झळ हे एक मोठं कारण धरतात, म्हणून झाडाखाली गवताचं आच्छादन करायला सांगतात आणि काढलेला आंबा उन्हात जमिनीवर ठेवू देत नाहीत.

आणि वेळासच्या किनाऱ्यावरची ऑलिव्ह रिडले कासवं! यांच्यात पिल्लू नर होणार की मादी हे वाळूचं तापमान ठरवतं. साधारण २९-३० च्या आसपास दोन्ही मिळून निघतात, वाळू गार असेल तर नर जास्त, तापली तर माद्याच माद्या. आपल्याला दोन डिग्री म्हणजे रेग्युलेटर एक घर पुढे, तिथे अख्ख्या घरट्याचा निकाल लागतो.

आता परत माणसांकडे, कारण खरी काळजी रात्रीची आहे. हवामान खात्याची उष्णतेच्या लाटेची व्याख्या दिवसाच्या कमाल तापमानावर चालते, मैदानात ४०, किनाऱ्यावर ३७ आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त. पण पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला विचारा, त्याला दुपारपेक्षा रात्र नको होते. सिमेंट आणि डांबर दिवसभर प्यायलेली उष्णता रात्रभर सोडत बसतात, शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, दुसऱ्या दिवशी तोच माणूस तसाच थकलेला साइटवर जातो. त्यामुळे मोबाइलवर हवामान बघताना वरचा मोठा आकडा सोडा, खाली आर्द्रता असते ती बघा आणि रात्रीचं किमान बघा.

आणि कोणी बरळायला लागला, अंग भाजतंय, तोल जातोय, तर लिंबू सरबत पाजत बसू नका, शुद्ध हरपत असेल तर ते श्वासनलिकेत जाईल. सावलीत घ्या, कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. घाम येतोय म्हणजे ऊन लागलेलं नाही असं समजू नका, काम करता करता कोसळलेला माणूस घामाने भिजलेलाही असू शकतो.

पावसाआधी गुडघे का दुखतात हे बऱ्याच जणांनी विचारलंय, ते पुढच्या वेळी घेऊ. नमस्कार.