चाळीस फुटांच्या आधी

(दृश्य: आयर्विन पूल, खांबावरची फुटांची पट्टी, खाली गढूळ कृष्णा)

पावसाळ्यात सांगलीत एकच प्रश्न असतो, "पातळी किती?" ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ च्या वर गेली, जुलै २०२१ मध्ये ५४ च्या पुढे.

सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड. इथल्या सखल खोल्यांत पाणी यायला ४० फूट लागत नाहीत. नदी चढली की नाला उलटा फिरतो, आणि दाराआधी मोरीच्या भोकातून पाणी वर येतं. जागा सखल म्हणून भाडं कमी, आणि भाडं कमी म्हणूनच रोजावर जगणारी भाडेकरू कुटुंबं इथं.

"वेळेत का निघत नाहीत?" असं विचारणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. पातळी ३५ ला असताना निघायचं तर टेम्पोचं भाडं, सामानाला कोरडी खोली आणि बुडालेला रोज. पाणी ३६ ला थांबून उतरलं तर सगळा खर्च वाया. म्हणून वाट बघितली जाते. ४० ला मात्र सगळेच टेम्पो शोधत असतात.

(दृश्य: शिलाई मशीनचं डोकं सुटं करणारे हात)

मग जे हातानं उचलेल तेच वाचतं. पायमशीनचं डोकं मागचे दोन स्क्रू ढिले केले की बिजागरीवरून निघतं; लोखंडी स्टँड नंतर धुऊन, तेल घालून चालतो. प्लायवूडचं कपाट फुगतं, ते गेलंच. गॅसचा सिलिंडर पाण्यात तरंगतो, म्हणून रेग्युलेटर काढून, टोपण लावून तो खिडकीच्या गजाला बांधायचा. आणि जुन्या पुराच्या खुणेवर विसंबायचं नाही: २००५ ची खूण बघून माळ्यावर ठेवलेलं सामान २०१९ ला भिजलं.

पाणी उतरल्यावर पंचनामा. २०१९ ला शहरी कुटुंबाला १५ हजारांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं, पैकी ५ हजार रोख. पण भाडेकरूकडे करारपत्र नसतं, लाइट बिल मालकाच्या नावचं आणि रेशनकार्ड गावाकडचं. इथं राहत होतो हे दाखवायचं कशानं? त्यामुळे आधार, पासबुक, भाड्याची पावती एका प्लास्टिक पिशवीत, अंगावरच.

गाळ ओला असतानाच फावड्यानं निघतो; वाळला की खरवडत बसावं लागतं. तरी पंचनाम्यासाठी लोक तो तसाच ठेवतात. त्यापेक्षा घर क्रमांक आणि भिंतीवरची पाण्याची रेघ एकाच फोटोत घ्या, आतल्या सामानाचेही फोटो काढा, मग फावडं हातात घ्या.